ठाणे धरून की सोडून?

रविवारी सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहून मेगाब्लॉकची घोषणा ऐकणे हा ज्यांच्या नित्यकर्माचाच भाग होऊन बसला आहे, त्यांना 'ठाणे आणि कल्याण स्थानकांदरम्यान' हा शब्दप्रयोग इतका अंगवळणी पडलेला असतो की, त्यात काही विचारण्यासारखे आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. काही वर्षांपूर्वी मात्र, बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी ती घोषणा शांतपणे ऐकून घेतली आणि कोणालाच उद्देशून नव्हे अशा स्वरात "ठाणे धरून की सोडून?" एवढेच विचारले. आसपासची तरुण मंडळी हसली. मला हसता आले नाही. ठाण्याहून निघाले की कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली आणि ठाकुर्ली अशी सहा स्थानके लागून मग कल्याण येते. दोन्ही टोके धरली तर तीच आठ होतात. आणि ज्याला ठाण्याला उतरून नातवाच्या मुंजीला वेळेवर पोहोचायचे आहे, त्याच्या दृष्टीने सहा आणि आठ यांतील अंतर हा मुहूर्त साधण्या-चुकण्याचा मामला असतो. 'दरम्यान' हा फारसी अमदानीत आपल्या घरी राहायला आलेला शब्द याविषयी अक्षरही बोलत नाही.

रेल्वेला जे सुचले नाही त्याचा विचार पाणिनीने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. 'पर्यंत' या अर्थी संस्कृतात येणाऱ्या 'आ' या अव्ययाची व्यवस्था लावताना त्याने सीमेचे दोन प्रकार मानले: एक मर्यादा, जिच्यात सीमेवरची वस्तू बाहेर राहते, आणि दुसरा अभिविधी, ज्यात ती आत येते. पाणिनीच्या सूत्रांवरील 'काशिका' या टीकेत याचे उदाहरण आहे ते पाटलिपुत्राच्या पावसाचे. पाऊस पाटलिपुत्रापर्यंत पडला म्हणजे तो नगराच्या वेशीवर येऊन थांबला, की नगरातले रस्तेही भिजले? आपण मराठी माणसे 'आमरण' म्हणताना मरणाला उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि 'आबालवृद्ध' म्हणताना बालकांना घरात घेतो. एकाच 'आ'चे हे दोन व्यवहार आपण न शिकता करतो, कारण दोन्ही ठिकाणी वस्तुस्थिती आपल्याला आधीच ठाऊक असते. जेथे ती ठाऊक नसते तेथे कज्जा उभा राहतो. म्हणूनच इंग्रजी अमलातील कायदेपंडितांना 1897च्या जनरल क्लॉजेस ॲक्टात, कालगणनेत 'फ्रॉम' म्हटले की पहिला दिवस वगळावा आणि 'टू' म्हटले की शेवटचा दिवस धरावा, असे स्वतंत्र कलमच घालावे लागले. आपल्या दफ्तरी भाषेतील 'अखेर' हा शब्द मला या बाबतीत 'पर्यंत'पेक्षा अधिक सरळ वाटतो. 'मार्चअखेर' म्हटले की 31 तारीख आत आली. पुढे जाबसालाला जागा राहत नाही.

हे सारे मी व्याकरणाच्या हौसेपोटी सांगत नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, आणि त्यापूर्वी काही काळ ठाण्याच्या वागळे इस्टेटीत, कारखान्यांतील यंत्रांसाठी इंग्रजी सूचनापत्रे लिहिणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता. लिहिणारा मी, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेला. तपासणारा साहेब दाक्षिणात्य. आणि वाचून त्याप्रमाणे हात चालवणारा माणूस घरी आगरी किंवा भोजपुरी बोलणारा. तिघांचीही मातृभाषा नसलेल्या भाषेतील एका वाक्यावर तिघांचाही भरवसा. नामे आणि क्रियापदे यांनी मला फारसा त्रास दिला नाही. पंप तो पंप आणि व्हॉल्व्ह तो व्हॉल्व्ह. ते बोटाने दाखवता येतात. खोळंबा होई तो नेहमी दोन नामांच्या मधल्या त्या दोनतीन अक्षरी शब्दापाशी, ज्याला इंग्रज प्रिपोझिशन म्हणतात आणि ज्याचे काम आपल्याकडे विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये वाटून घेतात. त्याच्याकडे बोट करता येत नाही. टाकी दिसते, झाकण दिसते. पण झाकण टाकी'वर' आहे यातला 'वर' कोणी पाहिला आहे?

येथे व्याकरणाची हद्द संपते आणि दर्शनांची सुरू होते. वैशेषिकांचे उत्तर असे की संबंध हा जगातच असतो: दोन वस्तू येऊन भिडल्या तर संयोग हा गुण उत्पन्न होतो, आणि वस्त्र व त्याचे तंतू यांच्यासारखा न तुटणारा संबंध असेल तर त्यासाठी समवाय नावाचा स्वतंत्र पदार्थच मानला पाहिजे. बौद्धांच्या बाजूने धर्मकीर्तीने 'संबंधपरीक्षा' याच नावाचा ग्रंथ लिहून त्याचा प्रतिवाद केला. वस्तू आपापल्या ठिकाणी असतात, त्यांना जोडणारा दोरा आपली बुद्धी ओवते, असा त्याचा मथितार्थ. या दोघांच्या मध्ये वैयाकरण उभे आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला सर्वांत अधिक मोहक आणि सर्वांत अधिक धोक्याचे वाटत आले आहे. त्यांच्या मते कारक ठरते ते वक्त्याच्या विवक्षेने, म्हणजे त्याला काय म्हणावयाचे आहे त्यावरून. भांड्यात भात शिजतो असे म्हणा, भांड्याने भात शिजवतो असे म्हणा, किंवा हे भांडे भात छान शिजवते असे म्हणून त्या बिचाऱ्या पातेल्याला स्वयंपाकिणीच्या आसनावर बसवा; चुलीवरची घटना तीच, परंतु अधिकरण, करण आणि कर्ता ही तिन्ही पदे एका भांड्याला मिळू शकतात.

विवक्षेचे हे स्वातंत्र्य निरंकुश आहे असे मात्र वैयाकरणांनीही मानलेले नाही. अपादानाला, म्हणजे 'हून' आणि 'ऊन' यांच्या विभक्तीला, पाणिनीने ध्रुव म्हटले. त्यावर शंका निघाली की, धावत्या घोड्यावरून माणूस पडला तर घोडा ध्रुव कसा, तो तर धावतो आहे? उत्तर असे दिले गेले की ध्रुव म्हणजे अचल नव्हे. ज्याच्यापासून वियोग घडतो त्याच्या अपेक्षेने तो ध्रुव. मुंब्र्याच्या वळणावर दारात लोंबकळत जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने धावती गाडी हीच ध्रुव असते. हात सुटेपर्यंत ती त्याची भूमी असते. तेव्हा संबंध सापेक्ष असतो हे खरे. परंतु सापेक्ष म्हणजे काल्पनिक नव्हे, आणि जो पडतो त्याला धर्मकीर्तीचे समाधान उपयोगी पडत नाही.

आता प्रश्न असा की, सूचनापत्र लिहिणाराला विवक्षेचे हे स्वातंत्र्य कितपत आहे? कवीला ते पुष्कळ आहे, निबंधकारालाही आहे. ज्याचे वाक्य वाचून दुसरा मनुष्य वाफेची चावी फिरवणार आहे, त्याच्याबाबतीत मला उत्तर सापडले ते अशा ठिकाणी, जेथे ते शोधण्याची बुद्धी मला फार उशिरा झाली. पूर्वमीमांसा हे आपल्याकडे कोरड्या कर्मकांडाचे शास्त्र म्हणून बदनाम झालेले दर्शन, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्यासारख्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याच्या अर्थनिर्णयाच्या नियमांचा ऊहापोह केला नसता, तर माझ्यासारख्या कारखान्यातील कारकुनाच्या ते दृष्टीसही पडले नसते. मीमांसकाला देवाची फिकीर नाही, जगाच्या उत्पत्तीची नाही; त्याला एकच चिंता आहे की, वेद अमुक करा असे सांगतो तेव्हा नेमके काय करावयाचे. आणि त्याची अडचण अशी की वेद अपौरुषेय आहे. त्याला कर्ता नाही. म्हणजे शंका आली तर विचारायला कोणी नाही. 'माझ्या म्हणण्याचा भावार्थ असा होता' असे सांगायला कोणी पुढे येणार नाही. जे आहे ते शब्दांत आहे.

रात्रपाळीच्या तीन वाजता, भिंतीला टांगलेल्या सूचनापत्रापुढे विजेरी धरून उभ्या असलेल्या माणसाची अवस्था याहून वेगळी नसते. लिहिणारा घरी झोपलेला असतो. कधी नोकरी सोडून गेलेला असतो. परदेशी बनावटीच्या यंत्राचा तर तो ज्या गावी राहतो त्याचे नावही कोणाला ठाऊक नसते. त्या घटकेला ते वाक्य, त्याचा कर्ता कितीही सामान्य असो, अपौरुषेय झालेले असते. विवक्षा लेखकाबरोबर झोपी गेली. जागी आहे ती फक्त विभक्ती.

आणि विभक्तीच्या अधिकाराविषयी मीमांसकांनी दिलेला निकाल थक्क करणारा आहे. इंद्राची स्तुती करणारी एक ऋचा आहे. तिचा अर्थ पाहिला तर ती म्हणून इंद्राचीच उपासना करावी, असे कोणालाही वाटेल. परंतु विधिवाक्य असे आहे की त्या ऐंद्री ऋचेने गार्हपत्य अग्नीचे उपस्थान करावे. ऋचेला तृतीया, गार्हपत्याला द्वितीया. मग ऐकायचे कोणाचे, ऋचेच्या अर्थाचे की विधिवाक्यातील दोन प्रत्ययांचे? मीमांसकांनी सांगितले की अर्थाच्या सामर्थ्यातून जे सुचते ते लिंग, आणि विभक्ती जे साक्षात उच्चारते ती श्रुती. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशा सहा प्रमाणांत श्रुती पहिली, आणि प्रत्येक मागचे प्रमाण पुढच्याहून बलवान. तेव्हा इंद्राचे नाव घेत अग्नीपुढे उभे राहायचे. एका देवाचे नाव आणि दुसऱ्या देवाचा अग्नी यांच्या वादात दोन प्रत्ययांनी बाजी मारली. सूचनापत्रे लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल चौकटीत बसवून मेजासमोर टांगावा, असे मला वाटते. कारण आमच्या धंद्यात नेमका उलटा समज आहे: मुख्य शब्द बरोबर असले की झाले, 'इन'च्या जागी 'ऑन' पडले तरी समजून घेणारा समजून घेतो.

याच मीमांसकांनी वाक्यभेद हा दोष मानला. एका वाक्याने दोन विधाने करू नयेत. केली तर वाक्य दुभंगते आणि दोन्हींची शक्ती जाते. युरोपातील विमानोद्योगाने दुरुस्तीच्या पुस्तकांसाठी जे नियंत्रित इंग्रजी तयार केले आणि 1986 साली प्रथम प्रसिद्ध केले, त्याचे नियम वाचताना मला वारंवार मीमांसासूत्रकार जैमिनीची आठवण होत असे: एका वाक्यात एकच आज्ञा, आज्ञेचे वाक्य 20 शब्दांहून मोठे नाही, आणि एका शब्दाला एकच अर्थ, इतका की 'फॉलो' म्हणजे मागून येणे एवढेच, नियम 'फॉलो' करण्याची तेथे सोय नाही. (माझी वाक्ये किती लांब आहेत हे वाचकांनी मोजू नये, मी येथे आज्ञा करीत नाही.)

एवढी कडक शिस्त विमानवाल्यांनाच का सुचावी, याचा विचार करताना 27 मार्च 1977 ही तारीख डोळ्यांपुढे येते. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर होती. त्यांपैकी डच विमान उड्डाणासाठी धावू लागले, तेव्हा त्याच्या सहवैमानिकाने मनोऱ्याला कळवले ते 'ॲट टेकऑफ' अशा काहीशा शब्दांत. मनोऱ्यावरील स्पॅनिश अधिकाऱ्याने त्याचा अर्थ घेतला की विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे. डच भाषेत चालू क्रिया सांगण्यासाठी 'ॲट'सारखे अव्यय क्रियापदामागे लावण्याची रीत आहे; तेव्हा आणीबाणीच्या क्षणी त्या माणसाची इंग्रजी नामे इंग्रजच राहिली आणि अव्यय मात्र मायबोलीचे निघाले, असे काही अभ्यासकांचे मत आहे. अपघाताला कारणे अनेक होती. धुके होते, आणि एकाच वेळी दोघे बोलल्यामुळे रेडिओवरचा महत्त्वाचा मजकूर कर्कश आवाजात बुडाला होता. 583 माणसे गेली. त्यानंतर जगभरच्या विमानतळांवर 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा काढून घेताना तेवढा उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचे, असा दंडक पडला.

हे वाचून डच माणसाला हसणे सोपे आहे. आपल्या घरात काय चालते ते पाहावे. आपला 'ने' एकाच दमात कर्त्याला लागतो, साधनाला लागतो आणि मापालाही लागतो: रामूने ब्रशने टाकी घासली आणि पाणी दोन इंचांनी उतरले. इंग्रज यासाठी 'बाय' आणि 'विथ' यांची वाटणी करून बसला आहे. आपले 'पर्यंत' त्याहून गोंधळाचे. शुक्रवारपर्यंत काम संपवा आणि शुक्रवारपर्यंत चावी बंद ठेवा, ही दोन वाक्ये आपल्याला एकाच घडणीची वाटतात. इंग्रजीत पहिल्याला 'बाय' आणि दुसऱ्याला 'अंटिल'. याउलट जेथे आपण श्रीमंत आहोत तेथे इंग्रज चाचपडतो असेही नाही. पण 'टाकीवर' आणि 'टाकीच्या वर' यांतील फरक, म्हणजे टेकून आणि न टेकता, आपले पोरही जोडून किंवा तोडून बोलण्याने दाखवते, ही गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकांनी पुरेशी कौतुकाने सांगितली आहे असे मला वाटत नाही.

धर्मग्रंथांत अव्ययांचा असा घोळ नसतो काय, असे कोणी विचारील. असतो, आणि पुष्कळ असतो. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवान प्रथम सांगतात की सारी भूते माझ्या ठायी आहेत, मी त्यांच्या ठायी नाही. आणि श्वास घेण्याइतका अवकाश जातो न जातो तोच म्हणतात की, भूतेही माझ्या ठायी नाहीत. कारखान्यात असे दोन ओळींचे सूचनापत्र निघाले असते तर लिहिणाराला घरी बसवले असते. छांदोग्य उपनिषदात नऊ वेळा येणाऱ्या 'तत्त्वमसि' या सुप्रसिद्ध महावाक्यात मध्वाचार्यांनी संधीत लोपलेला एक नकारार्थी अकार पाहिला आणि जीव-ब्रह्माचे ऐक्य सांगणारे वाक्य भेद सांगणारे ठरवले. परंतु गीतेतील ती विसंगती हेतुपुरस्सर आहे, असे मला वाटते. 'ठायी' हा शब्द टाकी आणि पाणी यांच्यासाठी घडलेला आहे; ईश्वराचा संबंध सांगायला तो पुरत नाही, हे दाखवण्यासाठी आधी तो वापरून मग ऐकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत मोडावा लागतो. जेथे सांगायचा संबंधच अव्ययाच्या आवाक्याबाहेरचा आहे, तेथे अव्यय मोडणे हे सत्यकथन होय. जेथे तो संबंध अव्ययाच्या पूर्ण आवाक्यात आहे, पोलादाचा आहे, मोजता येतो, तेथे अव्यय ढिले ठेवणे हे असत्य होय. आणि त्या असत्याने कोणाला इजा झाली तर ती हिंसाही होय. ही भाषा कोणाला जड वाटेल. मला ती जड वाटेनाशी कशी झाली ते सांगतो.

डोंबिवलीच्या एका कारखान्यात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, चूक माझी होती) रिॲक्टर तापवण्याच्या एका कृतीचा मसुदा मी केला होता. आतले मिश्रण टोल्युइनमध्ये होते आणि ते 80 अंशांपर्यंत तापवायचे होते. मी लिहिले 'रेज द टेंपरेचर बाय 80'. 'पर्यंत' म्हणजे 'बाय', ही गाठ शुक्रवारच्या मुदतींनी माझ्या डोक्यात इतकी पक्की बसवली होती की ते वाक्य मी तीनदा वाचूनही मला खुपले नाही. साहेबांनाही खुपले नाही. त्या रात्री पाळीवर एक आगरी गृहस्थ होते, खाडीपलीकडच्या गावचे, शाळा आठवीत सुटलेले. रिॲक्टरचा काटा 32 अंशांवर होता. त्यांनी 'बाय' म्हणजे 'ने' असे वाचले, 32 आणि 80 मिळवून 112 केले, आणि टोल्युइन 110.6 अंशांना उकळते हे वीस वर्षांच्या सवयीने ठाऊक असल्यामुळे ते तेथेच थांबले. मला उठवायला कोणाला पाठवले नाही. वाफ 80 अंशांवर तोडली, आणि सकाळी लॉगबुक माझ्यापुढे आले तेव्हा माझ्या टंकलिखित इंग्रजी वाक्याचा हवाला देऊन खाली निळ्या शाईत, मोठ्या गोल अक्षरांत लिहिले होते: '80 पर्यंत नेले. 80 ने नाही. खुलासा व्हावा.'